बेवारस नावांचा धनी कोण?

आमच्या खडेबाजारात एखादे दुकान बंद पडले तरी त्याची पाटी कित्येक महिने तशीच लटकत असते. माल गेला, गादी गेली, नोकर दुसऱ्या पेढीवर लागले, पाटी मात्र ऊनपावसात उभी. जुनी गिऱ्हाइके पाटी पाहून थांबतात, कुलूप पाहतात आणि शेजारच्याला विचारून पुढे जातात. यात कोणाचे काही बिघडत नाही. पण समजा, त्याच पाटीखाली एका रात्रीत कोणी परका येऊन बसला, पाटी न बदलता त्याने आपला धंदा मांडला आणि जागेच्या मालकाने "मला भाडे मिळाले, बाकीचे मला काय करायचे?" म्हणून कानाडोळा केला, तर? त्या परक्याला आपण लबाड म्हणूच. पण जागेच्या मालकालाही चार शब्द सुनावल्यावाचून राहणार नाही. संगणकाच्या जगात नेमके हेच घडत असते, आणि तेथील मालकाला मात्र सहसा कोणी जाब विचारीत नाही. तो विचारला जावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु कॉलेज सुटल्यावर दुपारचे तीन तास मी शहरातील एका लहानशा होस्टिंग कंपनीत जमाखर्च लिहिते. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालये, उद्यमबागेतील फौंड्रीवाले ही आमची गिऱ्हाइके. त्यांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर असतात आणि त्यांच्या नावांचा डीएनएसही आम्हीच सांभाळतो. डीएनएस म्हणजे काय हे मला तेथे गेल्यावर कळले. ते कळल्यावाचून पुढचा मुद्दा उलगडणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत त्यावरील सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत लिहिलेली असत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढू लागले तसे हे जमेनासे झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली, तीच डीएनएस. या पद्धतीत मुख्य वहीत सगळी माहिती नसते. 'अमक्या नावाची चौकशी अमक्या नेमसर्व्हरकडे करावी' एवढीच नोंद तेथे असते. '.इन'ने संपणाऱ्या नावांची अशी वही आपल्या देशात निक्सी ही संस्था सांभाळते. वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे, त्या नावाने आलेले टपाल कोठे टाकायचे, ही खरी उत्तरे देतो तो नेमसर्व्हर. आणि तो चालवतात आमच्यासारखे लोक.

म्हणजे एका नावाच्या पाठीमागे दोन करार असतात. नावाची नोंदणी एका दुकानात होते; त्याला रजिस्ट्रार म्हणतात. उत्तरे देण्याचे काम दुसऱ्याकडे असू शकते. दोघांची बिले निराळी, दोघांच्या मुदतीच्या तारखा निराळ्या. साऱ्या घोळाचे मूळ येथे आहे. एक करार मरतो, दुसरा जिवंत राहतो, आणि नाव अधांतरी लोंबकळते.

अशी लोंबकळणारी नावे तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात मूळ नोंदणीच संपलेली असते; आमच्या सर्व्हरवर केवळ जुनी फाईल धूळ खात पडलेली असते. दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक आम्हाला न सांगता दुसरीकडे गेलेले असते. हे वरवर निरुपद्रवी दिसते, पण तसे ते नाही. आमच्या एका फौंड्रीवाल्याने आपले टपाल मोठ्या कंपनीकडे हलवले. साऱ्या जगाचे टपाल त्याला नव्या ठिकाणी मिळू लागले. आमच्याच इतर गिऱ्हाइकांनी पाठवलेली पत्रे मात्र त्याला मिळेनात. कारण आमचा सर्व्हर समजत होता की हे नाव अजून आपल्याच घरचे आहे. म्हणून तो ती पत्रे बाहेर पाठवतच नव्हता. आपल्याच जुन्या पेटीत टाकून मोकळा होत होता. शेजाऱ्याचे कोटेशन शेजाऱ्याला पोहोचले नाही, आणि दोघांनीही एकमेकांना दोष दिला.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. नोंदणी जिवंत आहे, मुख्य वहीतले बोट अजून आमच्याच नेमसर्व्हरकडे दाखवते आहे. पण गिऱ्हाइकाने आमचे पैसे थकवले म्हणून आम्ही त्या नावाची फाईल पुसून टाकली आहे. जाणकार याला 'लेम डेलिगेशन' म्हणजे लंगडी सोपवणूक म्हणतात. जग आमच्या दारात येऊन विचारते, आणि आम्ही म्हणतो, 'ठाऊक नाही.' येथवरही ठीक. पण उद्या कोणी तिऱ्हाइताने आमच्याकडे नवे खाते उघडले आणि 'हे नाव माझे' म्हणून तेच नाव भरले, तर? त्याला चोरी करावी लागत नाही, कुलूप फोडावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही. आम्ही पुरावा न मागता नाव चढवून घेतले, की त्या क्षणापासून साऱ्या जगाला त्याची उत्तरे आमच्या तोंडून मिळू लागतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेल्या मार्चअखेरीस मालकांनी मला थकबाकीदारांची यादी करायला सांगितले. दोन वर्षांहून अधिक काळ पैसे न आलेली चाळीसेक नावे निघाली. वाणिज्य शाखेत शिकवतात त्याप्रमाणे मी ती 'बुडीत येणे' सदराखाली घातली, लाल शाईने रेघ मारली, आणि यादी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाकडे दिली. त्याने एका दुपारी सगळी नावे पुसली. त्यांत एका खेड्यातील माध्यमिक शाळेचे नाव होते. थकबाकी वर्षाला बाराशे रुपये. शाळेने नावाची नोंदणी मात्र पाच वर्षांसाठी आगाऊ केलेली होती आणि तिची दोन वर्षे शिल्लक होती. ते आम्ही कोणी पाहिलेच नाही.

पावसाळ्यात शाळेचे मुख्याध्यापक बसने बेळगावला आले. त्यांच्या हातात शाळेच्या वेबसाइटचे छापलेले पान होते; वर शाळेचे नाव, खाली पैसे लावून खेळायच्या जुगाराच्या जाहिराती. कोणीतरी आमचे सर्वांत स्वस्त खाते ऑनलाइन विकत घेऊन ते नाव त्यात चढवले होते. दहावीच्या मुलांच्या पालकांनी ते पाहिले, गावात चर्चा झाली. मुख्याध्यापक कन्नडभाषक, आमच्या मालकांचे कन्नड बेताचे, म्हणून मधे मला बसवले. सर रागावले नाहीत. त्यांनी पान टेबलावर ठेवले आणि मला एवढेच विचारले, "नावेनु तप्पु माडिदेवु?" आमची चूक काय झाली? मालकांना हे मराठीत सांगताना माझा आवाज नीट निघेना. कारण त्या यादीवर अक्षर माझे होते.

मालकांनी फाईल काढली. नियमाप्रमाणे तीन सूचना गेल्या होत्या. तिन्ही इंग्रजीत होत्या, आणि तिन्ही शाळेच्या त्याच नावाच्या टपालपेटीत टाकल्या होत्या. ती पेटी उघडणारे कारकून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. तिसरी सूचना तर सेवा बंद केल्यावर गेली होती. म्हणजे पेटी आम्हीच बंद केली आणि मग त्याच पेटीत शेवटचे पत्र टाकले! कागदोपत्री आम्ही निर्दोष होतो. अर्ध्या तासात ते पान उतरवले. पण पुढे कित्येक दिवस शोधयंत्रात शाळेच्या नावापुढे जुगाराची ओळ दिसत राहिली. ती पुसणे आमच्या हातात नव्हते.

कोणी म्हणेल, हा गावातल्या लहान दुकानाचा हलगर्जीपणा, मोठ्यांकडे असे होत नसते. दुर्दैवाने तसे नाही. २०१६ साली मॅथ्यू ब्रायंट या संशोधकाने दाखवून दिले की चार नामांकित मोठ्या कंपन्यांच्या नेमसर्व्हरकडे बोट दाखवणारी सुमारे १,२०,००० नावे अशीच बिनधन्याची पडून होती आणि कोणालाही उचलता आली असती. १३ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिका आणि कॅनडात शाळांना, कचेऱ्यांना, व्यापाऱ्यांना बॉम्बच्या धमकीची पत्रे गेली. २०,००० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, नाहीतर स्फोट होईल, असा मजकूर. कित्येक इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पुढच्या महिन्यात उघड झाले की ती पत्रे पाठवायला इतरांची विसरलेली, पण बाजारात पत असलेली नावे याच वाटेने वापरली गेली होती. आणि २०२४ च्या जुलैअखेरीस इन्फोब्लॉक्स व एक्लिप्सियम या दोन संस्थांनी जाहीर केले की दहा लाखांहून अधिक नावे या धोक्यात आहेत आणि काही वर्षांत तीस हजारांहून अधिक नावे प्रत्यक्षात बळकावली गेली आहेत. या प्रकाराला त्यांनी 'सिटिंग डक्स' असे नाव दिले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, बसल्या जागी सापडणारी शिकार.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पैसे न देणाऱ्याच्या नावाची काळजी होस्टिंगवाल्याने का करावी? आमच्या मालकांचा युक्तिवाद सरळ होता: "अगं, हा धंदा आहे, धर्मशाळा नव्हे. प्रामाणिक गिऱ्हाइकांच्या पैशातून थकबाकीदारांचे ओझे का वाहायचे?" या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. फुकट सेवा देत राहा, असा माझा आग्रहच नाही. पैसे मिळाले नाहीत तर सेवा थांबवण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. पण सेवा थांबवणे वेगळे, आणि दार उघडे टाकून निघून जाणे वेगळे. माझे सारे म्हणणे या एका फरकावर उभे आहे.

आपण दुसऱ्या वर्षी १८७२ चा करार कायदा शिकतो. त्यातील १४८ व्या कलमापासून 'बेलमेंट'चे प्रकरण सुरू होते. दुसऱ्याची वस्तू विशिष्ट हेतूने आपल्या ताब्यात आली, तर १५१ व्या कलमानुसार सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तिची घ्यावी लागते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत घड्याळ अडवून ठेवता येते. तो हक्क १७० व्या कलमाने दिलेला आहे. पण मजुरी मिळाली नाही म्हणून ते घड्याळ रस्त्यावरच्या बाकावर ठेवून देण्याचा हक्क त्याला कोणत्याही कलमाने दिलेला नाही. डोमेन म्हणजे घड्याळ नव्हे, आणि ही कलमे तिला जशीच्या तशी लागू पडतील असा माझा दावा नाही. परंतु कायद्यामागची सभ्यता तीच आहे.

बँकेचे उदाहरण घ्या. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव बँक स्वतः गिळंकृत करीत नाही, आणि खिडकीशी येऊन 'ते खाते माझे' म्हणणाऱ्याच्या हातीही देत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली स्थापन झालेल्या निधीत जमा होते, आणि खरा ठेवीदार किंवा त्याचा वारस पुढे केव्हाही आला तरी त्याचा हक्क शाबूत असतो. बंद पडलेला मोबाईल क्रमांकसुद्धा निदान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही. खुद्द नावांच्या नोंदणीतही सवलतीचा काळ आहे. '.कॉम'सारख्या नावाची मुदत संपली की रजिस्ट्रारच्या रिवाजाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत, त्यानंतर परतीचे ३० दिवस आणि शेवटी ५ दिवस उलटल्यावरच ते नाव बाजारात मोकळे होते. सगळीकडे सबुरी आहे. नेमसर्व्हरवर मात्र एका लाल रेघेत कारभार आटोपतो.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांतली एकही खर्चाची नाही. एका नावाची फाईल काही किलोबाइटची असते. ती ठेवायला जागा लागत नाही, फक्त लक्ष लागते.

पहिली, दरमहा आपल्या सर्व्हरवरील प्रत्येक नाव मुख्य वहीशी ताडून पाहावे. नोंदणी जिवंत आहे का, आणि बोट आपल्याकडे आहे का? ज्यांचे बोट दुसरीकडे वळले आहे ती नावे नक्कल काढून उतरवावीत, आणि टपालाच्या यादीतूनही काढावीत. आपण जशी बँकेच्या पासबुकाची आणि रोकडवहीची जुळणी करतो, तशीच ही जुळणी.

दुसरी, ज्यांचे बोट अजून आपल्याकडे आहे त्यांची फाईल पुसू नये; ती गोठवावी. सेवा बंद, पण नाव कुलूपबंद. दुसऱ्या कोणत्याही खात्याला ते चढवता येऊ नये. त्या नावावर स्वतःच्या जाहिराती लावणे किंवा त्याचे टपाल आपल्या पेटीत वळवणे, हा तर सरळसरळ विश्वासघात होय.

तिसरी, कोणी 'नाव माझे' म्हणून आला तर पुरावा मागावा. तो मागणे अवघड नाही. प्रत्येक खात्याला निरनिराळ्या नेमसर्व्हरांची जोडी द्यावी आणि दावेदाराला सांगावे की रजिस्ट्रारकडे जाऊन तुझी ही नवी जोडी नोंदव. ज्याच्या हाती नोंदणीची किल्ली आहे त्यालाच ते जमेल. नाव खरोखर नव्या माणसाने रीतसर विकत घेतले असेल तर तोही याच परीक्षेतून सुखाने पार पडेल.

चौथी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. सूचना अशी द्यावी की ती पोहोचेल. त्याच नावाच्या टपालपेटीत नव्हे. निराळ्या पत्त्यावर, फोनवर, प्रसंगी पोस्टाने. आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत. आपल्या या भागात एका गल्लीत मराठी आणि पुढच्या गल्लीत कन्नड बोलली जाते. या अंकाचेही दोन विभाग आहेत, कारण दोन्हींचे वाचक येथे आहेत. मग 'तुमच्या झोनचे डेलिगेशन सस्पेंड होत आहे' असे इंग्रजी वाक्य पाठवून आपण कोणाला सावध करतो? "सर, तुमच्या शाळेची पाटी उतरणार आहे, बाराशे रुपये बाकी आहेत," एवढे कन्नडमध्ये फोनवर सांगितले असते तर सर दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आले असते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. ते त्या दिवशीही पैसे सोबत घेऊनच आले होते.

गिऱ्हाइकाची जबाबदारी मी नाकारीत नाही. आपल्याकडे संस्थेचे नाव संस्थेच्या खात्यात नोंदवलेले क्वचितच असते. ते असते वेबसाइट करून देणाऱ्या भाच्याच्या किंवा माजी विद्यार्थ्याच्या खात्यात. तो नोकरीला बेंगळुरूला किंवा पुण्याला गेला, की किल्लीही गेली. विसर तर मोठमोठ्यांनाही पडतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट-डॉट-कॉम या आपल्याच नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची अडचण झाली. मायकेल चेनी या परक्या प्रोग्रामरने ते पैसे स्वतःच्या खिशातून भरले. परंतु दरवेळी चेनी भेटेलच असे नाही, आणि त्याच्या भरवशावर धंदा चालवणे शहाणपणाचे नाही.

हा विषय यापुढे आपल्या अधिक जवळ येणार आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन'ने संपणारी नवी नावे घ्यायला सांगितले होते. हेतू उत्तम, पण नवे घर घेतले की जुने घर ओस पडते. वर्षानुवर्षे ठेवीदारांच्या डोक्यात आणि पासबुकांवर बसलेली ती जुनी नावे कोणी 'आता उपयोग काय?' म्हणून सोडून दिली, तर ती उचलायला टपलेले लोक आहेत. वाणिज्य शाखेतील आपल्यापैकी कित्येकजण उद्या बँकांत, पतसंस्थांत, हिशेब तपासनिसांच्या कचेरीत बसणार आहोत. जुन्या नावाचे वर्षाचे हजार-बाराशे रुपये अनाठायी खर्च म्हणून कापण्याचा मोह आपल्यालाच होणार आहे.

मुख्याध्यापक गेल्यानंतर मी मालकांकडे उरलेली यादी मागितली. त्यांनी काही न बोलता दिली. आठवडाभर रोज दुपारी मी फोन करीत होते. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. काही संस्था खरोखर बंद पडल्या होत्या. काहींनी शिव्या दिल्या. अकरा जणांनी पैसे भरले, त्यामुळे मालकांचाही आता या पद्धतीला विरोध उरलेला नाही. राहिलेली नावे गोठवून ठेवली आहेत. माझ्या वहीत 'येणे' या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखला आहे: 'बोट कोणाकडे?' तो रकाना भरल्याशिवाय लाल शाईची दौत उघडायची नाही, असे मी ठरवले आहे.